तयार यादी

मी तापट आहे, हे कराडात सगळ्यांना ठाऊक. पण १९९७ च्या मे महिन्यात मी भलतीच खुशीत होते, आणि तिथंच घोळ झाला.

आमचं खासगी नोकरी केंद्र. कारखान्यानं माणूस मागितला की कॉम्प्युटर चार हजार नावांतून शिक्षण, अनुभव, वय बघून दहा नावं सुचवायचा. त्याला पंचवीस मिनिटं लागायची. आमचे साहेब हंबीरराव रोज टोमणा मारायचे, "स्वप्ना, मशीन हाय का म्हस? किती येळ रवंथ करतंय?" ऐकून ऐकून माझे कान किटले. शेवटी प्रोग्रॅममध्ये मी एक युक्ती केली. फिटर, वेल्डर, कारकून, प्रत्येक कामाची यादी एक तारखेला काढून साठवायची आणि महिनाभर मागेल त्याला तीच द्यायची. दोन सेकंदांत काम. सकाळी कणीक मळून ठेवली की पोळ्या पटापट होतात, तसंच. हंबीररावांनी ऑफिसभर भेळ वाटली.

वीस मेला पाटणकडचा आकाराम आला. फिटर. सात वर्षांच्या अनुभवाचा दाखला त्याला एकदाचा मिळाला होता. मी तो कॉम्प्युटरमध्ये चढवला आणि ऐटीत म्हटलं, "आता तुझं नाव निघणार बघ." वयाची अट तिशीच्या आतली. शाळेत मास्तरांनी त्याची जन्मतारीख एक जून लावलेली. आमच्याकडं निम्म्या तालुक्याची तीच. कागदावर येत्या एक जूनला त्याला तीस पूर्ण होणार, म्हणजे हातात अकरा दिवस.

सत्तावीस मेला एका कारखान्यानं कायमचा फिटर मागितला. मी बटण दाबलं, दहा नावं निघाली, पाठवून दिली. ती यादी एक मेची. आकारामचा दाखला तिच्यात असणार कुठून? माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

दोन जूनला तो आईला घेऊन आला. तोवर जागा भरली होती.

"मॅडम, मला कॉल आला न्हाई."

मी यादीवरची तारीख बघितली. एक मे.

त्याची आई, साळूबाई, पुढं झाली. "आवं बाई, भूकंप झाला तवा ह्यो पोटात हुता माझ्या. मास्तरनं शाळंत घालाय वय वाढवलं. अजून तीस भरली न्हाईत त्याला."

कोयनेचा भूकंप सदुसष्टच्या डिसेंबरातला. बाई खरं बोलत होती. पण शाळेच्या दाखल्यापुढं आईला कोण विचारतो?

थाप मारता आली असती. नाही मारली. "यादी शिळी होती. चूक माझी आहे," मी म्हटलं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं एवढंच विचारलं,

"ताजी काढली असती तर कितवा असतो मी?"

कॉम्प्युटरची तारीख मागं सत्तावीस मेवर नेऊन मी सगळा शोध पहिल्यापासून लावला. पंचवीस मिनिटं मशीन रवंथ करत राहिलं. मला लाज वाटत होती. मग कागद बाहेर आला. पहिलंच नाव आकारामचं.

त्यानं कागद मागून घेतला आणि आईला बोटानं नाव दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तोंड उजळलं.

"लागली व्हय रं नोकरी?"

"लागली हुती," आकाराम म्हणाला.