पाचाचं बटण

सकाळी सव्वाआठ वाजता हॅलोकाकांच्या मोबाइलचं पाचाचं बटण निखळलं.

काका गॅलरीतल्या खुर्चीवर बसून शर्टाच्या टोकाने फोन पुसत होते. हे त्यांचं रोजचं काम. आज बोटाखाली काहीतरी सुटलं, गजावर टक्‌ असं वाजलं आणि पुढे काहीच वाजलं नाही. फरशीवर पडलं असतं तर दुसरा आवाज आला असता. तो आला नाही, म्हणजे बटण गजांतून खाली रस्त्यावर गेलं होतं. तरीही काकांनी गुडघे टेकून सगळी फरशी चाचपली. एरवी स्वतःच्या कानांवर त्यांचा फार विश्वास, पण आज कानांनी चूक केली असेल तर बरं, असं त्यांना वाटत होतं. हाताला एक वाळकं पान लागलं, कपड्यांचा चिमटा लागला. बटण लागलं नाही.

काकांना जन्मापासून दिसत नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर त्यांनी उभी नोकरी काढली होती. बाहेरून आलेला फोन वॉर्डात जोडायचा, वॉर्डातला बाहेर. कुणाला मुलगा झाल्याची आणि कुणाचा बाप गेल्याची बातमी त्यांच्याच हातून पुढे जायची, आणि दोन्ही वेळा त्यांचा आवाज सारखाच असायचा. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी फोन उचलल्यावर ते असा काही भारदस्त ‘हॅलो’ म्हणत की समोरचा नकळत सावरून बसे. गल्लीने त्यांचं नावच हॅलोकाका ठेवून टाकलं होतं.

जुन्या बटणांच्या फोनमध्ये पाचाच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो. दिसणाऱ्या माणसांच्या तो गावीही नसतो. काकांचं सगळं घर त्या उंचवट्यावर उभं होतं. बोट तिथे टेकलं की वर दोन, खाली आठ, एका अंगाला चार, दुसऱ्या अंगाला सहा. मग जगात कुणालाही फोन लागत असे.

आणि आज दहाच्या आत फोन लागायलाच हवा होता.

गेल्या महिन्यात काका न्हाणीघरात घसरून पडले. फोन टेबलावर, काका ओल्या फरशीवर. शेजारच्या मास्तरीणबाई शाळेतून घरी आल्या तेव्हा कुठे त्यांना उचललं गेलं. हाडं शाबूत राहिली, पण दोन तासांच्या अंतरावर राहणारी मुलगी येऊन थडकली, ती टेम्पो ठरवूनच. बाप ऐकत नाही म्हटल्यावर तिने करार केला होता.

“रोज सकाळी दहाच्या आत फोन. तुमच्या फोनवरून, तुमच्या हाताने. शेजारणीला लावायला सांगायचं नाही.”

“आणि नाही आला तर?”

“तर मी टेम्पो घेऊन येणार आणि तुम्हाला खुर्चीसकट उचलून नेणार. तुमची खोली तयार आहे, बाबा. पडदेसुद्धा लावलेत.”

“पडदे लावलेस होय? छान. मला ऊन डोळ्यांवर येतं ना फार.”

मुलगी हसली नव्हती. तिच्या घरी सगळं चांगलं होतं. जावई सरळ होता, नात लाघवी होती. पण तिथे काका जागचे उठले की तीन माणसं एकदम उठत. पाणी प्यायचं तर पेला हातात येई. इथे ते स्वतःच्या हाताने चहा करत, स्वतः कुलूप लावत आणि एकटे खाली उतरून बेकरीपर्यंत जाऊन येत. बायको गेल्यावर उरलेली ही एवढी मालमत्ता त्यांना सोडायची नव्हती.

बटण गेलं होतं तिथे आता एक खड्डा होता आणि खड्ड्यात मऊ रबर. काकांनी नखाने दाबून मुलीचा नंबर फिरवला. त्या नंबरात तीन पाच होते. प्रत्येक आकड्याचा सूर त्यांना पाठ होता, त्यामुळे दुसरा पाच दोनदा उमटला हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी फोन कापला. पुन्हा फिरवला, तर शेवटचा पाच उमटलाच नाही. कानात रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणाली, कृपया नंबर तपासून पाहा.

“तू सांग मला,” काका फोनला म्हणाले.

पाच दाबून धरला की थेट मुलीलाच लागेल, अशी सोय नातीने करून ठेवली होती. एक्स्चेंजवर आयुष्य काढलेल्या माणसाने असल्या कुबड्या घ्याव्यात हे काकांना पटत नसे, म्हणून त्यांनी ती कधी वापरली नव्हती. आज वापरायची तयारी होती, तर पाचच जागेवर नव्हता.

त्यांनी चप्पल चढवली, काठी घेतली आणि खाली उतरले. बेकरीच्या गरम वासाशी वळण घेतलं. शिंप्याच्या मशीनची घरघर उजव्या कानाला आली, ती मागे पडली. पुढचं शटर वर जाताना खडखडलं आणि काका थांबले. नऊ वाजले होते. मोबाइलवाली वेळेची पक्की होती.

“काका, आज पहिली भवानी तुमची? काय पाडलंत?”

“पाडलं नाही. त्याने राजीनामा दिला. पाच नंबर.”

मोबाइलवालीने फोन हातात घेतला. चाळिशीची बाई. नवऱ्याचं दुकान त्याच्या मागे तिने चालवलं आणि वाढवलं. डब्यांची झाकणं फटाफट उघडल्याचे, प्लास्टिकचे तुकडे ओतल्याचे आणि बोटाने चाळल्याचे आवाज आले.

“ह्या मॉडेलचे चार मेलेले फोन आहेत माझ्याकडे. चारही पाच घासून गुळगुळीत झालेत. लोक पाचावर एवढे का तुटून पडतात, देव जाणे. थांबा, मागे कुठेतरी पाहिलं होतं... हां. अख्खं कीपॅड आहे. सीलबंद. तुमचं नशीब जोरात आहे.”

“किती वेळ?”

“चहा पिऊन होईपर्यंत. काय घाई आहे?”

काकांनी करार सांगितला. अर्थात मुलीकडच्या पडद्यांचीही हकिकत सांगितली.

“मग माझ्या फोनवरून लावा ना तिला! सांगा, दुरुस्तीला दिलाय म्हणून. दोन मिनिटांचं काम.”

“अगं, तुझ्या फोनवरून लावला की पहिला प्रश्न काय येईल? तुमचा कुठाय? मग म्हणणार, बघा, म्हणजे आज मध्येच काही झालं असतं तर? इथेच सगळं संपलं. माझ्या लाइनवरून, माझ्या हाताने. ठरलंय तसं.”

“हट्टी आहात.”

“तीसुद्धा आहे. कुणावर गेली, असं तिची आई विचारायची.”

मोबाइलवालीने बॅटरी काढली आणि स्क्रू सोडवायला घेतले. काकांना ते स्क्रू वाटीत पडताना ऐकू येत होते. स्टुलावर ताठ बसून ते चहा प्यायले. दहाला अजून अवकाश होता, काम जाणत्या हातात होतं. त्यांनी शिंप्याला दोन टोमणे मारले, त्याने चार परत केले.

“घ्या,” मोबाइलवाली म्हणाली. आवाजात कौतुक मावत नव्हतं. “नवाकोरा करून टाकलाय. नुसता पाच कशाला, सगळीच बटणं बदलली. तुमच्या जुन्या बटणांची पार रया गेली होती हो.”

काकांनी फोन घेतला. अंगठा सवयीने खाली सरकला आणि अडखळला. पुन्हा वरून सुरुवात केली. सगळी बटणं एकसारखी थंड, एकसारखी गुळगुळीत. पाचावर उंचवटा होता म्हणे, पण कागदावर सांडलेल्या मिठाच्या कणाएवढा. शून्यावरची खाच नव्हती. हिरव्या बटणावरचा घट्ट थेंब नव्हता.

“जुनं कुठे टाकलंस?”

“का? काय झालं?”

“शून्याला खाच होती. माझ्या बायकोने भाजीच्या सुरीने पाडलेली. हिरव्या बटणावर तिनेच नेलपॉलिशचा थेंब ठेवला होता. नव्या फोनवर एक महिना धडपडत होतो, तेव्हा तिने हे उद्योग केले. मला ह्या फोनवर सगळं सापडतं, ते त्याच्यामुळे.”

 मोबाइलवालीची खुर्ची मागे सरकली.

“मला वाटलं, खराब झालंय. डाग पडलाय,” ती म्हणाली. “चांगलं करायला गेले हो.”

“चांगलंच केलंस. आता ते जुनं शोधून काढ.”

टेबलाखालची कचऱ्याची बादली जमिनीवर पालथी झाली. सोललेले प्लास्टिकचे पापुद्रे चुरचुरले, तुटकी कव्हरं घरंगळली. मोबाइलवाली तोंडाने स्वतःलाच शिव्या देत होती. शिंपी मशीन थांबवून विचारता झाला, “सोनं सांडलं का काय?”

“सापडलं!”

“धू नकोस,” काका म्हणाले. “नुसतं पूस.”

आता तिने नव्या कीपॅडचा फक्त पाच पात्याने कापून काढला आणि जुन्या रबरावर चिकटवायला घेतला. डिंक वाळायला वेळ मागत होता. तो मागेल तेवढा द्यावाच लागतो, घाई केली तर डिंक खाली उतरतो आणि बटण कायमचं दबलेलं राहतं, असं ती फुंकर मारत सांगत होती. काकांनी दोनदा वेळ विचारली. तिसऱ्यांदा विचारली नाही.

दहाला पाच मिनिटं कमी असताना तिने फोन त्यांच्या हातात ठेवला. काकांचा अंगठा शून्यावर गेला, खाच लागली. हिरव्यावर गेला, थेंब लागला. मधोमध नवा पाच आजूबाजूच्यांपेक्षा जरा उंच बसला होता. ‘वर्गातला दांडगा पोरगा’, काकांना वाटलं. त्यांनी एकेक आकडा दाबून सूर ऐकले. पाच दाबला. एकदा दाबला, एकदाच उमटला.

“पास,” ते म्हणाले.

त्यांनी मुलीचा नंबर फिरवला. रिंग गेली, संपेपर्यंत गेली. पुन्हा फिरवला. पुन्हा तसंच. मग त्यांनी जावयाला लावला.

“बाबा!” जावई जवळजवळ ओरडलाच. “कुठे होतात तुम्ही? फोन बंद लागत होता तुमचा!”

“दुरुस्तीला होता. बटण गेलं होतं. ती कुठाय?”

“ती निघाली, बाबा.”

“निघाली म्हणजे?”

“तिला काही धीर धरवेना. म्हणाली, आज मीच लावून बघते. साडेनऊला लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. तिसऱ्यांदा बंद लागल्यावर टेम्पोवाल्याला बोलावलं आणि गेली. मी म्हटलं, दहापर्यंत तरी थांब. पण मला विचारून ती कधी काही करते का?”

“शेजारी फोन करायचा होता.”

“मास्तरीणबाई शाळेत. उचलत नाहीत. आता ही पण उचलत नाहीये. पर्समध्ये तळाशी असणार फोन, नाहीतर टेम्पोच्या आवाजात ऐकू येत नसणार.”

“दहा वाजले का तुमच्याकडे?”

“अं? नाही. दोन मिनिटं आहेत.”

“मग लक्षात ठेवा,” काका शांतपणे म्हणाले. “दहाच्या आत. माझ्या फोनवरून. माझ्या हाताने. विचारलं तर साक्ष द्या.”

“देतो, बाबा,” जावई म्हणाला. “पण तुम्ही ओळखता तिला.”

मोबाइलवालीला सगळं ऐकू गेलं होतं. “मी त्या कीपॅडच्या नादाला लागले नसते तर—” तिने सुरुवात केली.

“तू फोन लावायला सांगितलं होतंस. मी लावला नाही,” काका म्हणाले आणि उठले. “पाच झकास बसलाय. पैसे घे.”

“नको. आज नको, काका. मी येऊ का घरी? तिला सांगते ना, माझ्यामुळे झालं म्हणून.”

“तू दुकान सांभाळ. बोलणं माझं काम आहे.”

परत येताना त्यांनी बेकरीतून मुलीच्या आवडीची बिस्किटं घेतली. घरी येऊन न्हाणीघराची फरशी कोरडी केली, तिने गेल्या वेळी आणून टाकलेलं रबरी पायपुसणं नीट सरळ केलं. टेबलावरचे पेले ओळीने लावले. धुतलेला शर्ट चढवला, बटणं वरपर्यंत लावली. ती येईल तेव्हा तिला घर दिसेल, आणि घरात उभा असलेला बाप दिसेल. मग काय ते बोलू. दहाचा करार दहाचाच होता, साडेनऊचा नव्हता. मुद्दा बिनतोड होता. पण ती टेम्पोत बसून दोन तास काय काय डोळ्यांसमोर आणत असेल, ते काकांना इथे ऐकू येत होतं.

त्यांनी पुढचं दार सताड उघडं ठेवलं, तिला बाहेर उभं राहून बेल वाजवत थांबावं लागू नये म्हणून. मग गॅलरीत येऊन उभे राहिले आणि पुन्हा तिचा नंबर फिरवला. तीनही पाच पहिल्या दाबात उमटले. पलीकडे रिंग सुरू झाली. कुठल्या तरी रस्त्यावर, कुठल्या तरी पर्सच्या तळाशी.

“रिंग जाते आहे, उचलत नाहीत,” काका त्यांच्या ड्यूटीच्या आवाजात म्हणाले. “लाइनवर थांबा.”

खाली रस्त्यावरून एक मोटार गेली, मग एक सायकल. साडेअकरा वाजत आले, दोन तासांची वाट सरत आली, तरी टेम्पो आलेला नव्हता आणि मुलीने फोन घेतलेला नव्हता.