हळदीचं बोलावणं

"ठमाबाय बोललीय ना रं तिचा नाव?" अंबाजीनं दारातूनच विचारलं. सुजितनं बापाकडे न बघता हेडफोन काढले.

रेवदंड्याच्या त्यांच्या कोळीवाड्यात ठमाबाई ही शेवटची धवलारीण. लग्नात धवल्यांची गाणी गाऊन झाली की ती आधी देवांना आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन हळदीला बोलवायची. नाव घेतल्याशिवाय गेलेलं माणूस येत नाही, असं अंबाजी मानायचा. त्याची बायको केसर दोन वर्षांपूर्वी गेली. लेकीच्या, दिशाच्या हळदीला तिनं यावं, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं. म्हणून ठमाबाई अंथरुणाला खिळल्यावर सुजितनं तिच्या उशाशी बसून आईच्या नावासकट सगळं रेकॉर्ड करून घेतलं. मग तीही गेली.

सुजित मांडवात साउंड लावायचा. आवाज साफ करायला त्याच्याकडे एक फुकटातलं सॉफ्टवेअर होतं, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं. त्यातल्या चुका शोधून कळवायच्या, दुरुस्ती झाली की पुन्हा तपासायचं, हा त्याचा छंद. पोरगा भलताच चिकाटीचा. तयार झालेली फाइल शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय सोडायचा नाही.

आणि घरच्या, ठमाबाईच्या फाइलला नेमकं तेच केलं नाही. शेवटी ठमाबाई आईला हाक मारणार, ती ऐकायची त्याची छातीच झाली नाही. सुरुवात ऐकली, बरी वाटली. लॅपटॉपवर जागा नव्हती, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. झालं! सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत लांब फाइलचा शेवट कापला जात होता. देव आले, आजा-आजी आले, आणि आईच्या नावाआधी आवाज तुटला.

"बाबा, आयचं नाव गेलं," तो म्हणाला. "माझ्याच हातानं गेलं."

अंबाजी पायात चपला सरकवून होडीकडे निघून गेला.

सुजितनं चूक त्या हौशी लोकांना कळवली. कुठल्याशा देशातल्या एका माणसानं मूळ रेकॉर्डिंग मागितलं. नाही, एवढंच सुजितनं लिहिलं. तरी त्या लोकांनी कारण हुडकलं, दुरुस्ती केली आणि त्यालाच तपासायला दिली. त्यानं दुसरी एक लांब फाइल काढून बसल्या जागी पुरी ऐकली. शेवट शाबूत होता. तसं कळवून त्यानं लॅपटॉप मिटला आणि ढसाढसा रडला. आता जगात कुणाचा शेवट कापला जाणार नव्हता, त्याच्या आईचा सोडून.

हळदीच्या दिवशी त्यानं तीच फाइल लावली. दुसरं होतं काय? मांडवभर ठमाबाईचा आवाज घुमला. बाया पदर सावरून ऐकत होत्या. आजा-आजीचं बोलावणं झालं आणि आवाज तुटला. पाटावर बसलेल्या दिशानं मान खाली घातली. हळदीच्या वाटीकडे कुणाचा हात जाईना.

मांडवाच्या खांबाशी अंबाजी उभा होता. उभ्या जन्मात त्यानं बायकोचं नाव घेतलं नव्हतं. उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हाही लाजून पळाला होता. दिशाचे आये, एवढीच त्याची हाक. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"केसर," तो म्हणाला. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाला, "केसर, ये गो. आपले पोरीची हलद हाय."

मग तो टोपी मांडीवर घेऊन खाली बसला, आणि शेजारची जागा मोकळी ठेवायला जरासा सरकला.