उंट पहिल्या रांगेत आली की

शाळेच्या अंगणात सोलर पॅनल भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि त्याच्याशेजारी बाईंची नणंद मीटर घेऊन उकिडवी बसली होती. वर्गाचा कॉम्प्युटर तिनेच बनवला होता. काही वर्षांत मरून कचऱ्यात जाणारी बॅटरी त्यात नव्हती. ऊन असेल तोवर तो चाले. मुलांच्या हातातल्या पडद्यांनाही दिवे नव्हते. कागदासारखे ते उजेडात वाचायचे. त्यामुळे वर्ग अंगणातच भरे, पाठीवर ऊन घेऊन, पॅनलकडे तोंड करून.

"आज बंद पडला तर साहेब तो खालच्या शाळेला देणार आहेत," बाई म्हणाल्या. "रोज तास रंगात आला की मान टाकतो."

"वहिनी, मी कधीची तपासतेय. ठणठणीत आहे."

"तर! मुलं नसताना माझा वर्गही शांत असतो, वन्सं."

तपासणीचे साहेब धापा टाकत चढण चढून आले आणि सावलीतल्या खुर्चीत बसले. तास सुरू झाला. बुटकी मुलं पुढे, उंच मागे. सगळ्यांत मागे उंट, म्हणजे शाळेतली सर्वांत उंच मुलगी. बाईंचा नियम जुना होता: बरोबर उत्तर दिलं की एक रांग पुढे.

पडद्यांवर गणितं उमटली. उंट एक रांग पुढे आली. मग आणखी एक. साहेब कौतुकाने मान डोलवत होते.

नणंदेचं लक्ष मीटरकडे होतं. काटा जरासा हलला. तिने वर पाहिलं. उंटच्या डोक्याची सावली पॅनलच्या खालच्या कडेला येऊन टेकली होती. एवढासा कोपरा झाकला तरी सगळ्या पॅनलची वीज घसरते, हे तिला पाठ होतं. पण इथे मुलं बसणार हे तिने धरलंच नव्हतं! रोज तो बंद पडला की मुलं हुर्यो करत पळत, सावली जाई, आणि तपासायला जावं तर कॉम्प्युटर चालू.

उंट आता दुसऱ्या रांगेत होती आणि पुढच्या गणितालाही तिचाच हात वर होता.

नणंद बाईंच्या कानाशी लागली. बाईंनी डोळे मोठे केले, घसा खाकरला.

"आजपासून बरोबर उत्तर दिलं की एक रांग मागे!"

"बाई, ही कुठली रीत?" उंट उखडली. "मी काय शिक्षा भोगतेय?"

"जा म्हटलं ना!"

उंट पाय आपटत मागे गेली. साहेब मात्र उठले. "हुशार मुलं मागे? हे बघायलाच हवं," म्हणत ते थेट पॅनलसमोर उभे राहिले.

सगळे पडदे गोठले.

"साहेब, बाजूला व्हा!" सगळा वर्ग ओरडला.

साहेब दचकून बाजूला झाले. थोड्या वेळाने पडदे जागे झाले. साहेबांनी पॅनलकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाशी सुरू होणाऱ्या सावलीकडे. हळूच एक पाऊल पुढे टाकलं. बंद. मागे घेतलं. चालू. पुन्हा पुढे.

"साहेब, पुरे की!" उंट म्हणाली. "माझं गणित अर्धं राहिलंय."

साहेब ओशाळून हसले. "हा राहू दे इथेच. पण पॅनल छपरावर चढवा."

"चढवते," नणंद म्हणाली. "यंत्रात दोष नव्हताच, वहिनी."

"नव्हताच हो. दोष आमच्या हुशारीत होता," बाई म्हणाल्या. "आता चढा, शिडी मी धरते."

मागून हात वर झाला. "बाई, पॅनल वर गेलं की मी पुढे ना?"