सानवीच्या फोटोतलं सूत

"जुओ, जुओ! दीकरीए सूतर मोकल्युं!"

लेकीनं सूत पाठवलं म्हणून हरणीतल्या आमच्या गुजराती-मराठी सोसायटीच्या सभागृहात एकच गलका उडाला. सूत्रानंद महाराजांनी आपल्याकडची जाडजूड चौकट उंच धरली. आठवड्यापूर्वी त्यांनी तीत सानवीचा फोटो घालून ती सर्वांसमोर लाख लावून बंद केली होती. आता काचेमागे सानवीच्या हसऱ्या चेहऱ्यावर पांढरे तलम धागे पसरले होते. बायका रडू लागल्या, पुरुषांनी मोबाइल वर केले.

"गेलेलं माणूस तिकडे बसून आपल्यासाठी सूत काततं, बेन," महाराज म्हणाले. तिकडे चरखे कोण पुरवतं, हे कुणी विचारलं नाही. "विश्वास ठेवा. औषधं घेतलीत की हे सूत तुटतं!"

सानवी वरच्या मजल्यावरच्या कुसुमावतीवहिनींची एकुलती एक लेक. एकविसाव्या वर्षी डेंग्यूनं गेली. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ते धागे कोळ्याचे आहेत, हे मी बघताक्षणी ओळखलं. पण चार महिने धड न जेवलेल्या वहिनी त्या दिवशी पोटभर जेवल्या. "नीरजा, तिनं माझी आठवण ठेवली गं," म्हणाल्या. माझी जीभ रेटेना. दुःख हलकं होतंय तर होऊ दे, अशी मी मनाची समजूत घातली.

त्यांचे यजमान दिनकरराव हृदयरोगी. लेकीचं सूत तुटू नये म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. मला ते कळलं तेव्हा त्यांना रुग्णवाहिकेत चढवत होते. दोन दिवसांत ते गेले.

तेरावा झाला आणि महाराजांचा निरोप आला, 'साहेबांचाही फोटो पाठवा.' वहिनी खरंच फोटो शोधू लागल्या. तेव्हा मात्र मी त्यांच्या घरी ठेवलेली सानवीची चौकट मागून घेतली आणि सुरीनं मागचा पुठ्ठा सोडवला. पुठ्ठा दुहेरी निघाला. मधल्या पोकळीत लांब पायांचे दोन कोळी होते, एक वाळलेला, एक जिवंत. काचेकडे यायला कोपऱ्यात भोक ठेवलेलं.

मी वहिनींच्या हातात भिंग दिलं. "कोळ्याच्या पोटाच्या टोकाशी बघा. बोटांसारखे बारीक उंचवटे दिसतात? पोटातल्या ग्रंथींत रेशीम पातळ रसासारखं असतं. कोळी मागच्या पायांनी ते या उंचवट्यांतून ओढतो आणि ओढता ओढताच त्याचा घट्ट धागा होतो."

वहिनींनी भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे सानवी नव्हे?"

"नव्हे, वहिनी."

"तुला हे तेव्हाच माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग यांना का नाही सांगितलंस? मी रागावले असते, बोलणं टाकलं असतं. पण हे तरी राहिले असते गं!"

मी उघडी चौकट त्यांच्या हातात दिली.

महाराजांच्या पुढच्या सभेत वहिनी स्वतः उभ्या राहिल्या. उघडी चौकट त्यांनी सर्वांपुढे धरली, भोक दाखवलं, कोळी दाखवला. महाराज "आ तो परीक्षा छे" असं काहीबाही पुटपुटत मागच्या दारानं सटकले. काही लोक वहिनींवरच चिडले. त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, "माझी मुलगी गेली, ती येणार नाही. तुमची माणसं अजून आहेत. त्यांची औषधं बंद करू नका."

मला यात एकच भर घालायची आहे. चमत्कार दिसला की चौकट उघडून बघा. आणि आत काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं दयेपोटीसुद्धा गप्प बसू नये.