कुंपणालगतची शेड

पत्र्याच्या ट्रंका बनवते म्हणून सगळे तिला ट्रंकवालीच म्हणत. तिच्या परसातली शेड पलीकडच्या घरात राहणाऱ्या दिराच्या डोळ्यांत खुपायची. शेवटी त्याने तक्रार ठोकली आणि बांधकाम खात्याचा साहेब टेप घेऊन हजर झाला.

“शेड कुंपणाला चिकटून आहे. शेजाऱ्याची संमती आणा, नाहीतर पाडा.”

“आणि माझं काम?”

“त्याचा परवाना आहे तुमच्याकडे. दिवसा खुशाल करा. अडचण फक्त शेडची.”

दीर कुंपणापलीकडे हाताची घडी घालून मजा बघत होता. त्याच्यापुढे पदर पसरेल ती ट्रंकवाली कसली! साहेबासमोरच तिने स्क्रू काढायला घेतले. संध्याकाळपर्यंत छप्पर उतरलं, भिंतीही उतरल्या. आवाजाचा कुणाला त्रास नको म्हणून त्या भिंतींना तिने आतून जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. दिराला त्याचा पत्ताच नव्हता.

सकाळी तिने उघड्यावर ऐरण मांडली आणि हातोडा चालवला. पहिल्याच ठोक्याला पलीकडे कुणाच्या तरी हातून कप पडला.

दुसऱ्या दिवशी दीर कानात कापूस घालून कुंपणाशी आला. “वहिनी, बांधा ती शेड परत! देतो मी संमती!”

“मला उघड्यावर झकास वाटतंय, भावजी. शेड तुम्हाला हवीय ना? मग अर्ज तुम्ही करा, रांगेत तुम्ही उभे राहा.” तिने हातोडा उचलला. “आणि येताना गाद्या घेऊन या. माझ्या मी धुवून घरात घातल्या.”