कावीळ उतरवणारी काडी

धामणगाव बढ्याच्या बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. हळदीबाबा कावीळ उतरवत होता. रोग्याच्या डोक्यावर सोललेली हिरवी काडी धरायची, कटकन मोडायची, की पिवळाधमक रस खालच्या कापसावर टपकायचा.

"निघाली बे, निघाली! हिमालयातली जडी हाय, अंगातलं पिवळं ओढून काढते. दवाखान्यात जासान तं कावीळ उलटीन!"

जिभेला काय, हाड नसतं. समोर मी शिकवतो त्या वर्गातली हीना बसली होती, डोळे पिवळेजर्द. तिची आई सुगराबी तिला सलग तिसऱ्या बाजारी घेऊन आली होती.

मला राहवेना. पलीकडे रस्त्यासाठी खणून टाकलेल्या मुरमावर पिवळा धोतरा माजला होता. दरवर्षी उगवतो, बी सांडतो, मरतो. एक झाड उपटलं, काटेरी पानं ओरबाडली आणि बाबाशेजारच्या दगडावर काडी मोडली. तोच पिवळा रस.

"या दगडाले कावीळ झाली काय?" मी ओरडलो. "या तणाचा चीकच पिवळा असतो! पानं सोलली म्हणून तुम्हाले ओळखू येत नाही."

"मास्तर, दगडातबी जीव असते," बाबा म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. कपाशीत तणनाशक मारायला लागल्यापासून गावात तण ओळखणारं माणूसच उरलं नाही. माझं डोकं सणकलं.

सुगराबी मात्र उठली. वीस वर्षं तिनं लोकांची शेतं निंदली होती. आम्ही हीनाला रिक्षात घातलं. वाटेत सुगराबी हळूच म्हणाली, "म्या पयल्याच दिवशी ओळखलं होतं, मास्तर. निंदताना हेच उपटून बोटं पिवळी व्हायची."

"मंग बोलली काऊन नाही?"

"वाटलं, माह्या हातात तण हाय, त्याच्या हातात दवा असीन."

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी हीनाला तपासलं. यकृत निकामी झालं होतं. "दोन आठवडे आधी आणायचं होतं," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी पोरगी गेली. पुढच्या आठवड्यात मोताळ्याच्या बाजारात बाबापुढे तेवढीच रांग होती.

परवा सुगराबीनं विचारलं, "मास्तर, म्या पयल्याच दिवशी बोलली असती तं जगली असती का?"

हा प्रश्न तुमच्या वाट्याला येऊ देऊ नका. ओळखलंत, तर तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत बोला.