दोन पावलांवरून

पंच म्हणून मी वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला मी वाईट आहे असंच वाटणार आहे.

कारेगावजवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. पार्ट मापात बसला तर ओके, नाही तर रिजेक्ट, दिवसभर हेच. लाइनवर नवनाथ म्हणून आमच्या भांडगावचा, आमच्याच बौद्ध वस्तीतला पोरगा आहे. बाकीच्यांचे पार्ट मी एकदा तपासतो, त्याचे दोनदा. 'महेंद्रनं आपल्यातल्याला पास केलं' असं कुणी म्हणू नये, म्हणून. या गोष्टीचा मला चक्क अभिमान होता.

दर रविवारी न्हावरा-चौफुला मार्गे मोटरसायकल हाणत गावी जातो आणि शाळेच्या मैदानावर पोरींना रग्बी शिकवतो. सुरुवातीला लोक हसले. मग त्यातली आमच्याच वस्तीतली तेजश्री भारताच्या संघात गेली आणि हसणारे फोटोला पुढे आले.

गेल्या महिन्यात पुण्यात चार देशांची स्पर्धा झाली. तिसऱ्या जागेसाठी आपल्या पोरी खेळणार होत्या. मेडल मिळालं असतं तर तेजश्रीला पोलीस भरतीत खेळाडू म्हणून अर्ज करता आला असता. भरतीसाठी तिचं वय यंदा संपतंय. मी पंचाची परीक्षा पास झालेला, म्हणून स्पर्धेत राखीव पंच होतो. गोलरेषेमागे उभा राहणारा पंच ऐनवेळी आजारी पडला आणि मला उभं केलं. पाहुण्या संघाने कुरकुर केली, मग मान्य केलं. मैदानात जाताना आपलाच एक अधिकारी हसत म्हणाला, "तुमच्या गावची पोरगी आहे ना संघात? जरा जपून."

बस्स, एवढंच. पण ते वाक्य शिट्टीपेक्षा मोठ्याने माझ्या कानात वाजत राहिलं.

शेवटच्या मिनिटाला आपण दोन गुणांनी मागे होतो. तेजश्री चेंडू घेऊन सुटली. गोलरेषेवर दोघींनी तिला पाडलं, तिने पडता पडता हात लांब केला. चेंडू नुसता रेषेवर टेकला तरी ट्राय होतो, पाच गुण मिळतात. परदेशी रेफरी, म्हणजे मुख्य पंच, मागे राहिला होता, त्याला दिसलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी दोन पावलांवर होतो. चेंडू पांढऱ्या रेषेवर होता, त्याला चुना लागला होता.

मी हात हलवून नाही म्हटलं.

आपण हरलो. प्रेक्षकांनी रेफरीला शिव्या घातल्या. कुणीतरी व्हिडिओ टाकला, आणि तेव्हापासून रोज शेकडो अनोळखी लोक त्या माणसाला विकला गेलेला म्हणताहेत. माझं नाव कुणाच्याच तोंडी नाही. मीही ते घेतलं नाही. तीन आठवडे जेवण नीट गेलं नाही.

काल रविवारी शाळेपुढे तेजश्रीचा सत्कार होता. सरपंच जयसिंगआबांनी रेफरीविरुद्ध तक्रार अर्जही लिहून आणला होता. तो निलंबित व्हावा, अशी मागणी होती. गावातल्या पन्नास जणांच्या सह्या घ्यायच्या होत्या.

"पयली सही महेंद्रची," आबा म्हणाले. "तू तिथंच हुतास. तुझ्या सहीला वजन हाय. आपल्या पोरीवर अन्याव झालाय."

'आपल्या पोरीवर' हे शब्द आबांच्या तोंडून आमच्या वस्तीसाठी पहिल्यांदा ऐकले. एरवी सुखावलो असतो. काल आबांनी पुढे केलेला पेन मी घेतला नाही.

"त्याची चूक न्हाई, आबा," मी म्हणालो. "त्यानं मला इचारलं. मी न्हाई म्हणालो. ट्राय झाला हुता. मी बघितला."

तेजश्रीची आई ललिता नारळ हातात घेऊन उभी होती, तशीच खाली बसली. आबांनी विचारलं, "मग दिला का न्हाईस?"

"लोक म्हणले असते, घरच्या माणसाला दिला."

ऐकताना मलाच ते किती फालतू वाटलं. पोरीचं वर्षानुवर्षांचं पळणं मी कुणाच्या तरी एका वाक्यापायी बाद केलं होतं.

तेजश्री पुढे आली. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही.

"सर, दुसरी कुणी असती तर?"

"दिला असता," मी म्हणालो. यावर खोटं बोलायची सोय नव्हती.

तिने आबांच्या हातातून अर्ज आणि पेन घेतला. खुर्चीवर कागद ठेवून रेफरीचं नाव जिथे जिथे होतं तिथे तिथे सावकाश खोडलं. मी शिकवलेली पोरगी, घाई करत नाही.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, तुमचं पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं, वडिलांच्या नावासकट. खोडलेल्या नावाच्या जागी तिने ते नीट अक्षरात लिहिलं. मग मी पेन मागितला आणि पहिली सही केली.